बेचाळीस दिवस

१२ मार्च

भिंगरे,

तुझं कार्ड काल मिळालं. आठ महिन्यांत पहिल्यांदा तुझं अक्षर पाहिलं. फोनवर तू मला कुलूप घातलंस, तेव्हापासून मी तीन पत्रं पाठवली. ती वाचलीस की फाडलीस, देव जाणे. आणि आता या चार ओळी. वर ‘आई’ नाही, खाली नाव नाही. गिरणीवाल्यालासुद्धा माणूस यापेक्षा गोड लिहितं!

‘नवीन डॉक्टर विचारतायत. तू मला कॉफीतून गोळी किती दिवस दिलीस, किती दिलीस, कधीपासून? नेमकं लिही.’

तर उत्तर. त्या दिवशी स्वयंपाकघरात तू मला दोन चमच्यांमध्ये गोळी चुरताना पकडलंस, तेव्हा सांगितलं तेच. दहाबारा दिवस. रोज एक. झालं.

आता माझा प्रश्न. नवीन डॉक्टर कशाला लागले? परत सुरू झालंय का? जेवतेस का? पहाटे जाग येते का? हे मी विचारायचं नाही, माहीत आहे. तरी विचारते. नाही आवडलं तर ही ओळ वगळून वाच.

इकडे लॅबमध्ये सध्या वारं फिरलंय. सत्तेचाळीस नंबर नावाचं एक द्रव्य आलंय. तू आठ-नऊ वर्षांची असताना माझ्याबरोबर लॅबमध्ये यायचीस आणि मी तुला समजावून सांगायचे, आठवतं? मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते, म्हणजे मधल्या फटीत थोडं रसायन सोडते. निरोप पोचला की पेशीच्या दारावरचा वाहक ते रसायन उचलून परत आत नेऊन ठेवतो. तू लगेच म्हणाली होतीस, ‘म्हणजे हमाल!’ तेव्हापासून अख्खी लॅब त्याला हमालच म्हणते. लॅब चालवणाऱ्या आमच्या मोठ्या बाई परदेशी पाहुण्यांसमोरसुद्धा एकदा बोलून गेल्या.

तुझी ती जुनी गोळी हमालाचा हात घट्ट धरून ठेवणारी. रसायन फटीत जास्त वेळ राहावं म्हणून. मेंदू म्हणजे काही इतकं सोपं गोदाम नाही, पण ढोबळ असं. आणि ती गोळी खाऊन तू म्हणायचीस, ‘आई, जीभ भाजल्यावर कसं सगळं बेचव लागतं, तसं झालंय. रडूसुद्धा येत नाही.’ सत्तेचाळीस हात धरत नाही गं. ते हमालाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतं, जरा दमानं घे. काम निम्म्यावर येतं, थांबत नाही. असं औषध आम्ही सहा वर्षं शोधतोय.

कळव.

तुझी आई


२२ मार्च

भिंगरे,

दुसरं कार्ड आलं. यात सहा ओळी आहेत, म्हणजे प्रगती म्हणायची.

‘सत्तेचाळीसचं मला सांगू नकोस. दहाबारा खोटं आहे, त्या दिवशी तुझं तोंडच सांगत होतं. १७ एप्रिलला डॉक्टरांकडे जायचंय. आधी ही गोळी लागू पडली होती का, यावर ते पुढचं ठरवणार आहेत. मला उठवत नाही. ऑफिसात नकाशे पडून राहिलेत, या आठवड्यात दोनदा गेलेच नाही.’

वाचल्यावर पर्स घेऊन सरळ निघणार होते, मग दारातच थांबले. तू बोलावलेलं नाहीस.

बारा दिवस धर. बाराच. डॉक्टरांना तसं सांग. मी काय रोज कॅलेंडरवर खुणा करत होते का? आई होते, जीव टांगणीला लागला होता, केलं. अंथरुणात तोंड भिंतीकडे करून पडलेली पोर बघितली असतीस तर तूही केलं असतंस. चुकलं ते चुकलं, पण उगाच फाटे फोडू नकोस.

आणि सत्तेचाळीसचं मी सांगणारच. दुसरं काय आहे माझ्याकडे सांगायला? तिसऱ्यांदा तोच निकाल आला. आमचं काम तुला ठाऊक आहे. प्लेटमधल्या शहाण्णव खळग्यांत पेशी वाढवायच्या, त्यांत औषध घालायचं, मग खूण लावलेलं रसायन घालायचं. दहा मिनिटं हमालांना ते आत नेऊ द्यायचं, आणि मग बर्फगार पाण्याने झटकन धुवायचं, म्हणजे हमाल जागच्या जागी गारठतात. किती रसायन आत गेलं ते यंत्र मोजतं. आकडा कमी आला म्हणजे औषधाने हमाल अडवला. धुणं माझ्याकडे. हात हलका पाहिजे आणि जलदही पाहिजे. बावीस वर्षांत माझ्या धुण्याला कोणी नाव ठेवलेलं नाही.

सत्तेचाळीसच्या खळग्यांत आकडा बरोबर निम्मा. तीनही वेळा! मोठ्या बाईंनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली. माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, पण मिठी मारतात ती मोठ्या बहिणीसारखी. येत्या बैठकीत सत्तेचाळीस पुढे पाठवायचं, म्हणजे उंदरांवर चाचणी सुरू करायची, असं ठरतंय. दुकानात यायला दहा वर्षं लागतील, आलं तर. मला कळतं ते. पण तुला बधीर न करणारी गोळी माझ्या हातून पुढे गेली, एवढं झालं तरी मला पुष्कळ आहे.

जेवत जा.

आई


१ एप्रिल

भिंगरे,

तुझं काही आलं नाही. यायला हवं असंही नाही, तुझा प्रश्न तसाच पडून आहे. मी आज डबा खाऊन झाल्यावर लॅबच्या मागच्या बाकावर बसून लिहितेय. आत गेले की मोठ्या बाईंचं तोंड दिसतं आणि मला लपावंसं वाटतं.

तुला एक गोष्ट सांगते. इथे कोणाला सांगितलेली नाही.

पहिल्या प्लेटच्या वेळी, धुऊन झाल्यावर मी सवयीने ती मायक्रोस्कोपखाली धरली. साध्या खळग्यांत पेशी कशा गालिच्यासारख्या दाट. सत्तेचाळीसच्या खळग्यांत मधे मधे टक्कल. जवळजवळ निम्म्या पेशी नाहीतच. धुण्याबरोबर सुटून वाहून गेलेल्या.

कळलं का? निम्म्या पेशी गेल्या तर निम्मे हमालही गेले. आकडा निम्मा येणारच! सत्तेचाळीस त्यांच्या खांद्यावर हात ठेवत नसेल, ते पेशींची पकडच सोडवत असेल. म्हणजे औषध नाहीच ते, विष आहे, सौम्य विष.

रोज एक जास्तीची प्लेट ठेवून पेशी किती उरल्या ते मोजायचा आमच्याकडे नियम आहे. मी मोजलं नाही. वहीत लिहिलं, ‘धुताना हात जोरात पडला, मोजणी रद्द.’ दुसऱ्या खेपेला तेच लिहिलं. तिसऱ्या खेपेला मायक्रोस्कोपखाली पाहिलंच नाही. डोळ्यांवर कातडं ओढून सरळ यंत्रात ठेवली.

माझा हात जोरात पडला नव्हता गं. माझा हात पडत नाही.

मी खोटं का लिहिलं हे तुला सांगायला नको. मला ते औषध हवं होतं. इतकं हवं होतं की पेशी वाहून गेल्या तरी चालेल. बैठक सहा दिवसांवर आहे. आकडे मांडणारा आमचा पोरगेला बुवा रंगीत आलेख काढून बसलाय, मोठ्या बाईंनी भाषण लिहिलंय. आता मी तोंड उघडलं तर सगळ्यांचं मुसळ केरात. न उघडलं तर सहा महिने फुकट जातील आणि कोण जाणे किती उंदीर. आणि पुढे कधीतरी तुझ्यासारखीच कोणाची तरी पोर.

अगं, मी भित्री आहे. तुला वाटतं मी दांडगट आहे. दांडगाई करते ती भीतीपोटी करते.

आई


८ एप्रिल

भिंगरे,

सांगितलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. त्यांनी वही उघडली. ‘हात जोरात पडला’ या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘ताई, हे मी वाचलं होतं. तुमचा हात? बावीस वर्षांत? मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मलाही नव्हतं विचारायचं.’ दुपारी आम्ही नवी प्लेट लावली, मी धुतली, त्यांनी स्वतः पेशी मोजल्या. सत्तेचाळीसच्या खळग्यांत शंभरातल्या बावन्न उरल्या होत्या. उरलेल्या पेशींतले हमाल धडधाकट, एकही दमलेला नाही. सत्तेचाळीस कपाटात गेलं.

मला बोलणी बसली, ती बसायलाच हवीत. एक महिना माझ्या प्लेटांवर दुसरं कोणी सही करणार. मोठ्या बाई शेवटी एवढंच म्हणाल्या, ‘चुकीचा आकडा आला तर आपण दुरुस्त करतो, ताई. पण तुम्ही आकडा येऊच दिला नाहीत. त्याचं मी काय करू?’

ती ओळ घेऊन घरी आले. कपडेही न बदलता कपाट उघडलं आणि वही काढली.

हो. वही आहे. कॅलेंडरवर खुणा नव्हत्या, त्याहून वाईट होतं. बावीस वर्षांची सवय, चोरी केली तीही नोंदवून. आता नेमकं लिहिते. हे पान वेगळं काढून डॉक्टरांना दे.

गेल्या वर्षी ५ एप्रिलला तू स्वतः गोळी सुरू केलीस. २८ एप्रिलला बंद केलीस, जीभ भाजल्याचं म्हणालीस तेव्हा. पुढे पाच आठवडे काहीही नाही. उरलेली पाकिटं माझ्याकडे.

४ जूनला मी सुरू केलं. ४ ते १० जून अर्धी गोळी. ११ जूनपासून पूर्ण. १९ आणि २० जूनला मला ताप होता, कॉफी तू केलीस, त्या दोन दिवशी काही नाही. शेवटची १५ जुलैला. १६ला तू मला पकडलंस, ती तुझ्या पोटात गेली नाही.

बेचाळीस दिवस. सात अर्ध्या, तेहतीस पूर्ण. बारा नाही.

आता जे तू विचारलं नाहीस ते. डॉक्टरांना हेही लागेल.

२६ मेला तू आपणहून केस धुतलेस. २९ला जिन्याखालच्या दुकानात जाऊन पेन्सिली आणल्यास. ३१ला फोनवर हसलीस, मोठ्याने, मी दुसऱ्या खोलीत दचकले. २ जूनला म्हणालीस, भूक लागलीये. हे सगळं मी गोळी सुरू करायच्या आधी. वहीत आहे, माझ्याच अक्षरात. मग ३ जूनला तू दिवसभर उठली नाहीस. एक दिवस. एका दिवसात माझा धीर सुटला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी चमचे काढले.

अजून एक. ही गोळी एकदम सोडायची नसते. हळूहळू उतरवायची असते, नाहीतर गरगरतं, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं, उगाच रडू फुटतं. १६ जुलैला तू बॅग उचलून गेलीस आणि तुझी गोळी एकदम सुटली. पुढचे दोन-तीन आठवडे तुझं काय झालं असेल ते मला माहीत होतं. तुला माहीत नव्हतं. तुला वाटलं असेल, आजार परत आला. मी एका ओळीत कळवू शकले असते. मावशीकडून निरोप देऊ शकले असते. पण कळवलं असतं तर तू विचारलं असतंस, दहाबारा दिवसांत इतकं कसं? म्हणून मी मूग गिळून बसले. तू तिकडे गरगरत होतीस आणि मी इकडे माझी लाज झाकत होते.

कॉफीत गोळी घातली ती भीतीने. हे दुसरं मात्र भीतीने नाही. हे नुसतं नीच होतं.

आई


२५ एप्रिल

भिंगरे,

दोन पानी पत्र! वर ‘आई’ असं लिहिलेलं. मी ते आधी टेबलावर ठेवलं, भांडी घासली, मग हात पुसून वाचलं.

तू वाट्टेल ते बोललीस, सगळं बरोबर आहे. ऑगस्टमध्ये रस्ता ओलांडताना तुला चक्कर आली आणि एका अनोळखी बाईने हाताला धरून कट्ट्यावर बसवलं, हे वाचल्यावर मला पुढचं वाचवेना. त्या बाईचं भलं होवो. जे मी करायचं ते तिने केलं.

डॉक्टरांनी तारखांचं पान दोनदा वाचलं आणि स्वतःकडे ठेवून घेतलं, हे बरं झालं. ‘अशी आईही पाहिली नाही आणि अशी नोंदही पाहिली नाही’ असं ते म्हणाले म्हणे. पहिल्या भागावर मी काही बोलत नाही. त्यांनी पुढे काय ठरवलं ते तू लिहिलेलं नाहीस. मी विचारत नाही. बघ, जमलं!

आता तुझा प्रश्न. पत्राच्या शेवटी, दोनदा अधोरेखित केलेला. ‘जुलैमध्ये मी बरी होते. मला वाटायचं, त्या खड्ड्यातून मी माझी मी वर आले. मग तुझ्या हातात ते चमचे दिसले. आई, खरं सांग. मी बरी झाले ती माझी मी, की तुझ्या गोळीने?’

यावर मी चार दिवस घालवले. दोनदा लिहून फाडलं.

पहिल्यांदा लिहिलं होतं, तुझी तू. तुला ते हवंय, मलाही तुला ते द्यायचंय. केस धुतले, पेन्सिली आणल्या, हसलीस, सगळं गोळीच्या आधीचं. वर येतच होतीस. वाचून तुला किती बरं वाटेल याचा मी विचार केला आणि तिथेच मला माझी चाल ओळखू आली. तुला काय सोसेल ते मी ठरवायचं आणि तेवढंच तुझ्या पेल्यात घालायचं.

दुसऱ्यांदा लिहिलं, गोळीने. कारण जूनच्या शेवटी तू खरंच फुललीस. पुन्हा नकाशे काढायला बसलीस, भांडलीस, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलीस. पूर्ण गोळी सुरू होऊन तेव्हा तीन आठवडे होत आले होते आणि गोळीला तेवढाच वेळ लागतो. आणि ते खरं ठरलं असतं तर मी थोडीशी तरी बरोबर ठरले असते. तेही फाडलं.

खरं उत्तर असं. मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही. तुलाही कधी कळणार नाही. दोनतीन आठवडे मी गप्प बसले असते तर कळलं असतं. तू तशीच वर आली असतीस, किंवा नसतीस आली, आणि मग आपण समोरासमोर बसून भांडून काहीतरी ठरवलं असतं. मी मधे हात घातला आणि दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा मिसळल्या की आता जगातलं कुठलंच यंत्र त्या वेगळ्या करू शकत नाही. तू आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलंस की नाही, हे तुझं तुला कळायचा हक्क होता. तो मी घेतला. गोळी वाईट नव्हती. बहुतेक चांगलीच होती. मी तुझा हक्क घेतला, ते वाईट.

माफी मागत नाही. ती देण्याचं कामही परत तुझ्याच गळ्यात पडेल.

पुढे गोळी घे, नको घेऊस, अर्धी घे, दुसरी घे. नोंद ठेवायची असेल तर तुझी तू ठेव. मला एवढंच, की कधी वाटलं तर दोन ओळी टाक. बरी आहे, बरी नाही, काहीही. तू लिहिशील तेच मी खरं धरीन. तपासून बघणार नाही.

आई